वहिनीची सोडत

माझी वहिनी लोकांचे पैसे वाटते. एवढं सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकतात, म्हणून पुढचं मी लगेच सांगून टाकते: त्यातली दमडी घरी येत नाही, आणि ओळखीच्या माणसाचं काम तर त्या बाईकडून जन्मात होत नाही. उगाच तिला चहा पाजायला जाऊ नका.

तिचं ऑफिस सरकारी आहे. तिसरा मजला, जिन्यालगतची खोली, खिडकीत एक रोपटं, जे मरतही नाही आणि वाढतही नाही. शिकवण्याची नवी यंत्रं, नवे प्रोग्रॅम, मोबाइलवरचे धडे, असलं काही शोधून काढणाऱ्यांना सरकार संशोधनासाठी पैसे देतं, आणि कुणाला द्यावेत याची छाननी वहिनी करते. शेवटचा निर्णय समितीचा, पण समितीपुढे काय जायचं ते वहिनीच्या टेबलावर ठरतं. एकदा एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. म्हणे हा वर्गातल्या मुलांचे चेहरे बघून कोण कंटाळलंय ते ओळखतो. वहिनीने विचारलं, "ओळखलं. मग?" मगचा विचार त्यांनी केलाच नव्हता. "मग बाईंना कळेल," ते म्हणाले. "बाईंना ते आत्ताही कळतंच हो," वहिनी म्हणाली, आणि अर्ज परत दिला.

तिचा एक प्रश्न ठरलेला. यंत्राने शिकवलं, की यंत्राशेजारी बसलेल्या माणसाने? तिचं म्हणणं असं, की तुम्ही मुलाच्या हातात चकचकीत पाटी देता आणि रोज त्याच्याजवळ एक ताई मायेने बसवता. मूल शिकतं. मग पाटीसाठी टाळ्या वाजतात, आणि ताईला कुणी विचारत नाही. म्हणून तिने अट घालायला लावली होती. लोकांचे पैसे हवे असतील तर दोन गट करा. एकाला यंत्र, दुसऱ्याला साधी छापील कार्डं. दोघांजवळ माणूस सारखाच वेळ बसवा, आणि मग फरक दाखवा. कोण कुठल्या गटात, हे तुम्ही ठरवायचं नाही, आम्ही ठरवायचं नाही, सोडत ठरवेल. ऑफिसात त्या अटीला 'बाईंची सोडत' म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे असं काही नाही.

मी तिची नणंद. दोन गल्ल्या सोडून माझी लॉन्ड्री आहे. दिवसभर वाफेत उभी असते, म्हणून हिचं डोकं लवकर तापतं, असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. दादा माझा थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान. नुसता स्क्रू पिळून घ्यायला आलेला माणूस तासभर बसून राहायचा, कारण दादाचं बोलणं संपायचं नाही. चष्मा पुसता पुसता तो माणसाचं घर, पोरंबाळं, सासर, गुडघा, सगळं विचारून घ्यायचा. आणि वहिनी मोजून मापून बोलणारी. दादा म्हणायचा, "आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं हिच्याकडे. बदली मागितली तरी मिळणार नाही." वहिनी तेव्हाही नुसती हसायची.

त्यांना मूलबाळ नाही. संध्याकाळी दुकान बंद करून तो तिला बसस्टॉपवर घ्यायला जायचा आणि दोघं चालत यायची. दादा हातवारे करत बोलतोय आणि वहिनी पिशवी सांभाळत ऐकतेय, हे दृश्य अख्ख्या गल्लीने वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे.

आता त्या कुरळ्या केसांच्या पोरीचं सांगते. विद्यापीठात ती संशोधक होती, आणि वहिनीच्या ऑफिसात अर्ज घेऊन आली होती. मेंदूच्या आजारात काही माणसांचे शब्द जातात. कळतं सगळं, पण तोंडातून येत नाही. अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारं यंत्र तिला करायचं होतं. शिक्षणवाले म्हणाले, हे आरोग्यखात्याचं. आरोग्यवाले म्हणाले, शिकवायचं आहे ना, मग शिक्षणाचं. नेहमीचंच, तुझं-माझं. बिचारी दोन जिन्यांमध्ये वरखाली करून दमली. वहिनीने तिचा अर्ज स्वतःच्या खात्यात घेतला. समितीतले एकजण म्हणाले, "बाई, ही म्हातारी माणसं. आपला निधी विद्यार्थ्यांसाठी आहे." वहिनी त्यांना म्हणाली, "जो शब्द शिकतोय तो विद्यार्थीच. दाढी पिकली म्हणून नाव बदलतं का?" पैसे मंजूर झाले. दोन गटांची अट अर्थातच लागली. तेव्हा दादा ठणठणीत होता, आणि जेवताना त्यानेच मला हा सगळा किस्सा दोघांचे आवाज काढून सांगितला होता.

पुढच्या वर्षी दादाला पक्षाघाताचा झटका आला. दुकानातच. तो एका बाईंना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावत होता. पट्टीने अक्षर दाखवलं आणि म्हणायला गेला एक, आलं भलतंच. बाईंना वाटलं, गंमत करताहेत. दुकानातल्या मदतनिसाला मात्र शंका आली, म्हणून वेळेवर दवाखान्यात नेलं. चालणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, उजवा हात जरा रेंगाळला. शब्द मात्र गेले ते गेलेच.

सगळे नाही. एक राहिला होता. 'उद्या.' जन्मभर गिऱ्हाइकांना तेच सांगितलं ना, "उद्या मिळेल, उद्या या." तो शब्द हाडात जाऊन बसला असणार. पाणी हवं तरी उद्या, खिडकी लाव म्हणायचं तरी उद्या. मला बघितलं की हसून उद्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी लॉन्ड्रीत येऊन चादरींच्या ढिगावर डोकं ठेवून रडले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हो.

दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी त्या पोरीच्या संशोधनाचं नाव काढलं. माणसं घेताहेत, यांनाही घाला. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, घरचंच यंत्र! वहिनीने पहिलं काय केलं असेल? साहेबांना लिहून दिलं, की माझा नवरा या संशोधनात भाग घेतोय, तेव्हा ती फाइल आजपासून दुसऱ्याकडे द्या, मी तिला हात लावणार नाही. मग दादाला घेऊन बाकीच्या लोकांसारखी रांगेत बसली. सोडत निघाली. दादाला आली कार्डं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वहिनी, तू एक फोन कर," मी म्हटलं.

"कुणाला?"

"त्या कुरळीला! तुझ्यामुळे तिला पैसे मिळाले."

"माझ्यामुळे नाही. लोकांचे पैसे आहेत."

"दादा लोक नाही का?"

"आहे ना. म्हणून रांगेत होता." तिने कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कप, दार, कंगवा, कुत्रा, छत्री. बालवाडीत असतात तशी चित्रं. "कार्डंही वाईट नसतात. यंत्र जास्त चांगलं आहे की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. तेच तर बघायचंय."

"आणि ते ठरेपर्यंत? तोवर दादाने काय करायचं? डॉक्टर काय म्हणाले, पहिले काही महिने सोन्यासारखे असतात."

तिने दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे उजव्या हाताने त्याला लागत नव्हतं. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या."

मी गेले. कुणाला न सांगता, लॉन्ड्री अर्धा दिवस बंद ठेवून, त्या पोरीच्या विद्यापीठात गेले. तळघरातली खोली, वायरींचं जंजाळ, एक जुना सोफा, आणि प्रत्येक टेबलावर टिश्यूचं खोकं, कारण तिथे येणारी माणसं रडतात. पोरगी चांगली होती. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, यंत्र दाखवलं. पाटीएवढंच. त्यावर कपाचं चित्र येतं, मग एक तोंड हळूहळू तो शब्द म्हणतं, मग यंत्र थांबतं. चांगलं थांबतं. तुमचं अर्धवट काही निघालं की तेवढं पकडून पुढचा आवाज देतं, आणि तुम्ही कुठे अडता ते लक्षात ठेवून तोच शब्द दुसऱ्या दिवशी बरोबर पुढ्यात आणतं. ते बघितलं आणि मला त्या कार्डांची कीवच आली.

मी तिला म्हटलं, "माझा भाऊ कार्डांच्या गटात आहे. माझी वहिनी कोण, ते तुम्हाला माहीतच आहे."

बस्स. मी काही मागितलं नाही. फक्त कोण ते सांगितलं. चूक केली असं मला आजही वाटत नाही, उद्या वेळ आली तर पुन्हा जाईन.

त्या आठवड्यातच दादाच्या घरी खोकं आलं, आणि खोक्यात यंत्र. सोबत निरोप, की कार्डं चुकून गेली होती, ती परत करा. मी तिथेच होते. वहिनी ऑफिसातून यायच्या आत मी ते सुरूही केलं. दादा खुर्चीत पुढे सरकून बसला. कप आला. ते तोंड म्हणालं, "कप." दादाने ओठ हलवले. यंत्र थांबलं. पुन्हा तोंड, पुन्हा थांबणं. आणि मग दादाच्या गळ्यातून निघालं, "क." नुसता 'क'. अर्धामुर्धा, खरखरीत, पण 'उद्या' नव्हे! तेवढ्यात वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही ऐकलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, आणि मी दोघांना मिठ्या मारून नाचतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर टेबलावर कार्डं.

"यंत्र कुठाय?"

"परत गेलं," वहिनी म्हणाली. त्या दिवशी तिने रजा घेतली होती. डोळे सुजलेले होते, पण मला तेव्हा डोळे बघायची शुद्ध नव्हती.

"परत? का?"

"सोडत बदलली होती. आपल्याला द्यायला दुसऱ्या कुणाचं तरी थांबवलं होतं. मी सकाळी साहेबांनाही फोन करून सांगितलं सगळं."

"म्हणजे तू पाठवलंस?"

तिने एकदा दादाकडे बघितलं. "हो. मी पाठवलं."

मग मी जे बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. दगड म्हटलं, फाइल म्हटलं. जगाला न्याय द्यायला निघालीस, घरात नवरा मुका बसलाय त्याचं काय, म्हटलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं लोक करतात, तुझं सगळं उलटंच, असंही म्हटलं. दादा टेबलावर डावा हात आपटायला लागला. "उद्या! उद्या!" चेहरा लाल, मान हलतेय. मी म्हटलं, "बघ, बघ त्याच्याकडे! त्याला बोलता येत असतं तर त्यानेच तुला ऐकवलं असतं."

वहिनी चिडली की मला 'वन्सं' म्हणते. एरवी 'अगं'. त्या दिवशी ती म्हणाली, "वन्सं, माझ्यावर ओरडायचं तेवढं ओरडा. पण त्याच्यासमोर नको. त्याला त्रास होतो."

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. दुपारची कार्डं मात्र सोडली नाहीत. वहिनी ऑफिसात असायची तेव्हा मी जायचे, दादासमोर एकेक कार्ड धरायचे. "हे काय? क... क..." ती यायच्या सुमाराला निघायचे. कधी गाठ पडलीच तर मी भिंतीशी बोलायचे, "औषध दिलंय. पाय चेपलेत." भिंत उत्तर द्यायची, "बरं झालं." ओट्यावर माझ्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असायचं. रोज. मी सुरुवातीला जेवायचे नाही. मग भूक लागली की जेवायला लागले. ताटावर कसला राग.

एकदा छत्री विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, एकसारखं, न थांबता. मला वाटलं, पाहुणे आलेत. डोकावून बघते तर वहिनी. ती बोलत होती. दादासमोर स्टूल घेऊन, एका हातात कंगव्याचं कार्ड, आणि तोंड सुरू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्या कानावर शब्द पडू द्या. "आणि मग तो शिपाई म्हणतो, मॅडम, लिफ्ट चालू आहे पण दार उघडत नाही. मी म्हटलं, मग तिला लिफ्ट कशी म्हणायची, कपाट म्हण. कळलं का? कपाट." विनोद धड सांगता येत नव्हता तिला. शेवट आधीच फोडत होती, मग परत मागे जाऊन सांगत होती. बसमध्ये कोण काय बोललं, दुकानातल्या मदतनिसाने कुणाला उलटी काच बसवली, शेजारणीचा गुडघा. दादाचं सगळं बोलण्याचं खातं तिने अंगावर घेतलं होतं, आणि ते तिला बिलकुल जमत नव्हतं, आणि ती थांबत नव्हती. दादा तिच्याकडे बघत होता. ऐकत होता. मी छत्री न घेताच निघाले. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पण राग गेला नाही. राग आणि माया एकाच घरात राहू शकतात, आमच्या घरात तरी राहतात.

कार्डांनीही थोडं थोडं येत होतं. 'पाणी' आलं. 'नको' आलं, आणि ते आल्यावर दादाने ते इतकं वापरलं की विचारू नका. 'उद्या' विरळ झाला. पण वाक्य नाही, गप्पा नाहीत. दुकानात नेलं की तो फ्रेम पुसत बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत जायचा. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला बोलतं ठेवलं, तो पडद्यामागे लपतो. ते बघून मला पुन्हा यंत्र आठवायचं, तो 'क' आठवायचा, आणि वहिनीचा राग यायचा.

संशोधनाची मुदत संपली. त्या पोरीला अदलाबदलीबद्दल लेखी समज मिळाली होती आणि वाटपाचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं, पण यंत्र तिचंच होतं आणि हिशेब चोख निघाला. समितीची बैठक झाली. वहिनी आत गेली नाही. तिचा सहकारी आत होता आणि ती बाहेरच्या बाकावर, जिथे अर्जदार बसतात, तिथे बसून राहिली. निकाल स्पष्ट होता. कार्डांच्या गटातली माणसं सुधारली होती, पण यंत्राच्या गटातली कितीतरी पुढे गेली होती. माणूस दोन्हीकडे तेवढाच वेळ बसला होता, म्हणजे फरक यंत्राचाच. पुढचा निधी मंजूर झाला. आता ती यंत्रं दवाखान्यादवाखान्यात जाणार होती, आणि कार्डांच्या गटातल्या प्रत्येकाला सगळ्यात आधी मिळणार होती.

त्या दिवशी मी भिंत सोडून थेट वहिनीशी बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि काय बोलले? "झालं समाधान? यंत्रच चांगलं होतं म्हणे."

"हो," ती म्हणाली. "चांगलंच होतं. आता नक्की कळलं." आणि वळून ती कप विसळायला लागली. स्वच्छ कप. कितीतरी वेळ विसळत होती.

यंत्र आलं. यावेळी रीतसर, सहीशिक्क्यानिशी. दादा त्याच्यावर तुटून पडला. दुपारी मी, संध्याकाळी वहिनी. शब्द यायला लागले, आधी एकेक, मग जोडीने. 'दार लाव.' 'चहा गोड.' एक दिवस त्याने मदतनिसाला "हळू पूस" म्हणून सांगितलं आणि तो पोरगा दुकानातून पळत मला सांगायला आला. मी आनंदाने वेडी झाले, आणि जितका आनंद तितकीच आतून जळले. कारण डोळ्यांदेखत दिसत होतं ना, हे तेव्हाच मिळालं असतं तर आज दादा कुठे असता!

एका रविवारी दुपारी ते माझ्या तोंडून निघालंच. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. धडा संपला, दादाने 'छत्री' एका दमात म्हटलं, आणि मी त्याची पाठ थोपटत म्हणाले, "किती महिने फुकट गेले रे दादा. तेव्हाच राहिलं असतं तर... पण वहिनीने ठेवू दिलं नाही ना. मी तिला यासाठी कधी माफ करणार नाही."

दादाने यंत्र बंद केलं. माझ्याकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ती... नाही." त्याने डावा हात स्वतःच्या छातीवर आपटला. "मी."

"तू काय?"

ओठ हलत राहिले. पूर्वी मी घाईने शब्द पुरवायचे, पण यंत्राबरोबर बसून मीही थांबायला शिकले होते. थांबले. त्याच्या कपाळावर घाम आला.

"मी... दिलं." आणि मग, एकेक पायरी चढावी तसं, "ते... कुणाचं... तरी... होतं."

मी दाराकडे बघितलं. वहिनी रिकामी बादली घेऊन उभी होती. मी म्हटलं, "हा काय म्हणतोय?"

तिने बादली खाली ठेवली. "खरं तेच म्हणतोय. त्या संध्याकाळी तू गेलीस आणि मी त्या पोरीला फोन केला. म्हटलं, चुकून आलं का विचारावं. फोन स्पीकरवर लावला होता, हाही ऐकत होता. ती रडायलाच लागली. म्हणाली, यंत्रं मोजकीच आहेत, तुमच्यासाठी एकांचं थांबवलंय, त्यांना कार्डं पाठवलीत. मी फोन ठेवला. आणि अगं, मी काय म्हटलं ऐक. मी म्हटलं, राहू दे. मी! तो 'क' मीही ऐकला होता. म्हटलं, गेली सोडत चुलीत, कुणाला कळतंय. मी खोक्यावर हात ठेवून बसले होते. याने माझा हात उचलून बाजूला केला. एका हाताने सगळं भरलं, यंत्र, वायर, झाकण. चिकटपट्टी दाताने तोडली. आणि सकाळी त्यांचा माणूस येईपर्यंत खोकं मांडीवर घेऊन बसला. मला हात लावू देईना."

"तो टेबलावर हात आपटत होता..."

"तुला सांगत होता. पाठवणारी मी नाही, तो. तुला वाटलं, माझ्यावर चिडलाय."

"मग तू का नाही सांगितलंस? इतके महिने मी तुला दगड म्हणतेय!"

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकली. "सांगितलं असतं तर तू याच्याशी भांडली असतीस. ओळखत नाही का तुला? आणि याच्याकडे तेव्हा तुला उत्तर द्यायला एक शब्द नव्हता. माझ्याकडे होते. म्हटलं, तोवर माझ्याशी भांडू दे."

मी रडले. हुंदके देऊन रडले, काय लपवायचं. वड्याचं तेल मी इतके दिवस वांग्यावर काढत होते आणि वांग्याने हूं की चूं केलं नव्हतं, उलट रोज ताट झाकून ठेवलं होतं. मी वहिनीचे हात धरले. ओल्या कपड्यांनी गार पडले होते. "अगं, पुरे," ती म्हणाली, आणि तीही रडत होती.

मग मी डोळे पुसले आणि दादाकडे वळले. "आणि तू रे? दानशूर! बोलायचा पत्ता नाही आणि निघाला वाटायला! स्वतःच्या तोंडचा घास काढून कुणाला दिलास? तो कोण, कुठला, माहीत तरी आहे का?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग?"

"तू... गप."

"मी गप? मी तुझ्यासाठी त्या तळघरापर्यंत गेले!"

"तू... का... गेली?" तो खुर्चीतून अर्धा उठला होता. "मी... मोठा!"

"मोठा म्हणे! अक्कल कुठाय मोठ्याची?"

वहिनीने हळूच बादली उचलली, आत गेली आणि जाताना दार ओढून घेतलं, आम्हाला मनसोक्त भांडता यावं म्हणून. दादाकडे तेव्हा जेमतेम मूठभर शब्द होते. त्या दुपारी ते सगळेच्या सगळे त्याने मला झापण्यात घातले, आणि संपले तेव्हा दम घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.